काळी पडलेली ज्येष्ठा

१

ज्येष्ठेचा चेहरा काळा पडला होता.

जरासा काळवंडलेला नव्हे, तव्याच्या बुडासारखा काळा. कपाळ, नाक, हनुवटी, सगळं. आणि शेजारच्या डब्यातून निघालेली कनिष्ठा मात्र कालच सराफ्यातून आणल्यासारखी लखलखत होती.

माझी भावजय रमा किंचाळली. हातातलं फडकं तिने मुखवट्यावर टाकलं आणि मटकन पाटावर बसली.

"वन्सं, देवी कोपली हो! दोघींना बरोबर धुतलं, बरोबर ठेवलं, आणि ही एकटीच अशी... काहीतरी घोर झालंय या घरात."

तिची सून मधुरिमा हळदीकुंकवाचं तबक घेऊन दारातच थबकली होती. तिचं लग्न गेल्या मार्गशीर्षातलं. या घरचे मुखवटे ती पहिल्यांदाच बघत होती, आणि बघायला मिळाले ते हे असे.

महालक्ष्म्या आणायचा दिवस होता. उंबऱ्यापासून देवघरापर्यंत रांगोळीची पावलं काढून झाली होती, पाट मांडून झाले होते. मी पूर्णिमा, या घरची माहेरवाशीण. देवासला मुलींच्या शाळेत एकतीस वर्षं रसायनशास्त्र शिकवलं, आता निवृत्त. दरवर्षी महालक्ष्म्यांना जुन्या इंदुरातल्या माहेरी येते आणि विसर्जनानंतर मुखवटे मीच घासते, मीच बांधून ठेवते. त्या कामाला दुसऱ्या कुणाला हात लावू देत नाही. गेल्या वर्षी दोन्ही एकाच घमेल्यात धुतले, एकाच जुन्या लुगड्याच्या दोन तुकड्यांत गुंडाळले, घट्ट झाकणाच्या दोन वेगळ्या डब्यांत घातले. प्रत्येक डब्यात दोन दोन खडू टाकले. खडू ओल ओढून घेतो, ही शाळेतून लागलेली सवय. मग दोन्ही डबे माळ्यावरच्या पत्र्याच्या पेटीत. त्या पेटीला कुलूप नाही. वर्षभर तिला कुणी शिवत नाही, हेच तिचं कुलूप.

देवी कोपते की नाही ते मला ठाऊक नाही. पण चांदी उगाच काळी पडत नाही. तिला गंधक लागावं लागतं.

मी फडक्यासकट मुखवटा उचलला, स्वयंपाकघरात खिडकीपाशी नेला आणि उलटा केला. मुखवटा मागून पोकळ असतो. त्या पोकळीत वीतभर लांब, बोटभर रुंद असा एक सरळ पट्टा उमटला होता, बाकीच्या काळ्यापेक्षाही काळा. कुणीतरी आत दांड्यासारखं काहीतरी लपवलं होतं. एक-दोन दिवस नव्हे, महिनोन् महिने. आणि आता ते काढून नेलं होतं.

काय लपवलं होतं, ते मला त्याच क्षणी कळलं. रागाने माझे कान तापले.

२

माझ्या धाकट्या भावाचं, रघुवीरचं, पोलोग्राउंडला शाईपेनं बनवायचं वर्कशॉप आहे. मोठं काही नाही, दोन लेथ, एक पॉलिशची मोटर आणि भिंतभर हत्यारं. तिथे बावीस वर्षं उदयसिंह काम करायचा. रघूच्या पाठीने दगा दिला तेव्हापासून लेथवर उभा राहणारा माणूस तो एकच.

गेल्या वर्षी उदयसिंहने आपल्या डोक्याने एक जोडी करायला घेतली. दोन पेनं, एकाच मापाची, पण एक काळ्या एबोनाइटचं आणि दुसरं दुधी रेझिनचं. दोन्हींच्या अंगावर टोपणाच्या शेंड्यापासून बुडापर्यंत एकच नाजूक उभी रेघ कोरलेली. सात महिने लागले. एबोनाइटचा स्वभाव वेगळा, रेझिनचा वेगळा. एक हत्याराखाली मऊ चालतं, दुसरं टवके उडवतं. दोघांना एका मापात आणणं म्हणजे दोन सवतींना एका पंगतीला बसवणं. जोडी पूर्ण व्हायच्या आधीच रघूने ठरवलं की मोठ्या पेन-प्रदर्शनात ती पाठवायची आणि कारागीर म्हणून नाव उदयसिंहचं द्यायचं. रघूने आयुष्यात जी दोन-चार शहाणपणाची कामं केली, त्यातलं हे एक.

मे महिन्यातल्या एका शुक्रवारी जोडी पूर्ण झाली. शनिवारी वर्कशॉपच्या लोखंडी कपाटातून नाहीशी झाली.

कपाटाच्या चाव्या दोन. एक उदयसिंहकडे, दुसरी रघूच्या घरी स्वयंपाकघरातल्या खिळ्याला. खिळ्याचा विचार कुणी केला नाही. घरच्या खिळ्याचा संशय कोण घेतं? रघूने पोलिसांत दिलं नाही, म्हणे मोठ्या मनाने. फक्त उदयसिंहला सांगितलं, उद्यापासून येऊ नकोस. पोलोग्राउंडात अशी बातमी उन्हाच्या आधी पोचते. चार महिने झाले, एकाही वर्कशॉपने त्याला लेथला हात लावू दिलेला नाही.

आणि मी? मी फोनवर ऐकलं आणि म्हणाले, "भरवशाच्या म्हशीला टोणगा." असं म्हणून वरणाला फोडणी घालायला गेले. त्या वाक्याची आज मला शिसारी येते.

आता ऐका. एबोनाइट म्हणजे गंधक घालून शिजवलेलं रबर. घासलं की हात गंधकाने घमघमतात. बंद डब्यात, इंदूरच्या उन्हाळ्यात, चांदीला चिकटून ते महिनोन् महिने पडलं तर चांदी काळी होणारच. रेझिनमध्ये गंधक नाही. ते कनिष्ठेच्या पोकळीत दहा वर्षं ठेवलं तरी तिला काही होणार नाही. एका मुखवट्यात एकच पेन मावतं, म्हणून चोराने दोघींना एकेक वाटून दिलं. काळं ज्येष्ठेच्या पोटात, पांढरं कनिष्ठेच्या. पेनं गेली, पण ज्येष्ठेच्या तोंडावर साक्ष ठेवून गेली.

उदयसिंह हे करूच शकत नव्हता. पहिली गोष्ट, बावीस वर्षांत तो या घराच्या पडवीपलीकडे आलेला नाही, माळ्याची तर बातच सोडा. दुसरी गोष्ट त्याहून पक्की. त्याच्या हातात आईने दिलेलं चांदीचं कडं असायचं. एबोनाइटचं काम सुरू करण्याआधी तो ते काढून लेथशेजारच्या खिळ्याला अडकवायचा. एकदा मी विचारलं होतं. म्हणाला, "दीदी, ये काला माल चांदी को खा जाता है." ज्याला हे ठाऊक आहे तो काळं पेन चांदीत लपवेल? तोच न्याय रघूलाही लागू. चाळीस वर्षं त्याच मालात हात घातलेले.

म्हणजे चोर सोडून संन्याशाला फाशी दिली होती. चोराला मुखवटे पोकळ असतात हे माहीत होतं, पेटी भाद्रपदापर्यंत कुणी उघडत नाही हे माहीत होतं. एबोनाइट मात्र त्याने कधी हातात धरून घासलं नव्हतं.

आणि संध्याकाळी तो चोर आरतीला माझ्या शेजारी उभा राहून टाळ्या वाजवणार होता.

३

पट्ट्याबद्दल मी कुणाला चकार शब्द बोलले नाही. मुखवटा उभा केला, साडी नेसवली, पदर तोंडावरून पुढे ओढून घेतला. मग घरातल्या चौघांना एकेकटं गाठून एकच प्रश्न विचारला. ज्येष्ठा काळी का पडली असेल?

रमा पुरण वाटत होती. डोळे रडून सुजलेले.

"माझंच चुकलं, वन्सं. चैत्रात हळदीकुंकू केलं नाही, गुडघ्याचं निमित्त सांगितलं. देवी बघत असते ना?"

"माळ्यावरची पेटी कधी उघडली होतीस?"

"मी?" तिने वाटणं थांबवलं. "सोवळ्याशिवाय त्या पेटीला हात लावला तर सासूबाई स्वर्गातून खाली येतील माझ्या."

मधुरिमा पडवीत फुलं निवडत होती. ती जरा बिचकून म्हणाली, "हवा लागली असेल ना, आत्या? झाकण ढीलं राहिलं असेल. मला तर हेच माहीत नव्हतं की चेहरे वेगळे असतात. आमच्याकडे खंडव्याला खड्यांच्या असतात महालक्ष्म्या."

माझा भाचा, मधुरिमाचा नवरा नचिकेत संध्याकाळी वर्कशॉपवरून आला. बत्तीस वर्षांचा, देखणा, बोलघेवडा. पेनांची विक्री तो बघतो. इन्स्टाग्रामवर त्याचे व्हिडिओ असतात, अंगात चामडी एप्रन, हातात पटाशी, खाली लिहिलेलं की तिसऱ्या पिढीचा कारागीर. लेथवर मात्र मी त्याला फक्त फोटोपुरता उभा राहिलेला पाहिलाय.

"टेन्शन नको घेऊ यार आत्या," तो शेवेची मूठ तोंडात टाकत म्हणाला. "पुराना माल आहे. पणजोबांना कोणीतरी मिलावटी चांदी टिकवली असेल. आतून तर बिलकुल कोळसाच झालाय. मी तर म्हणतो, नवीन घेऊन टाकू सीधे."

"हं," मी म्हटलं.

शेवटी रघू. तो झोपाळ्यावर बसून एक निब फडक्याने पुसत होता. हा माणूस असा की घड्याळ दोन मिनिटं मागे पडलं तर ते उघडून बसतो. पंखा कुरकुरला तर का कुरकुरला ते शोधल्याशिवाय जेवत नाही.

"रघू, ज्येष्ठा काळी पडलीय."

त्याने मान वर केली नाही.

"एकटीच. कनिष्ठा लख्ख आहे."

"पावडर लाव ना, ताई. घासून टाक. सणाचे दिवस आहेत, विषय कशाला वाढवायचा?"

का, कशाने, कधी, काही नाही. चाळीस वर्षं एबोनाइट घासलेल्या माणसाने एक प्रश्न विचारला नाही. ज्याला कारण ठाऊक असतं तो कारण विचारत नाही.

"घासणार नाही," मी म्हणाले. "उद्याची पूजा अशीच होईल."

तेव्हा त्याने वर पाहिलं. माझा भाऊ घाबरला होता.

४

दुसऱ्या दिवशी, पूजेच्या सकाळी, सोळा भाज्या चिरायचं काम सुनेवर टाकून मी ऑटोत बसले. उदयसिंह एका मॅरेज गार्डनच्या फाटकावर सापडला. अंगात दोन मापं मोठा गणवेश, हातात काठी. ज्या हातांनी केसाएवढी रेघ कोरली, त्या हातांत काठी.

"दीदी, आप?" तो उठून उभा राहिला आणि आपली प्लास्टिकची खुर्ची माझ्यापुढे सरकवली.

मी बसले नाही. उभ्या उभ्याच म्हणाले, "उदयसिंह, मे महिन्यात तुझ्याबद्दल ऐकलं तेव्हा मीही ते खरं मानलं. एका शब्दाने विचारलं नाही. मला लाज वाटते."

त्याने काठी दुसऱ्या हातात घेतली.

"सब ने माना, दीदी. चोर कहा, वो तो ठीक. लोगों के मुंह है. पण भिया ने म्हारे आंख में देखकर नी पूछा कि उदय, तूने लिया क्या? बस, चाबी रख दे, बोले. बावीस साल. इतना तो पूछते."

त्या क्षणी रघू समोर असता तर मी काय केलं असतं ते सांगत नाही.

"त्या जोडीबद्दल मला सांग," मी म्हटलं. "असं काहीतरी, जे फक्त तुलाच ठाऊक आहे."

जोडीचं नाव काढल्याबरोबर माणूस बदलला. काठी भिंतीला टेकवली आणि हवेतच पेन धरून दाखवू लागला. पेनाच्या टोपणाला त्याने तीन तोंडांचे आटे पाडले होते. असं टोपण तीन जागी बसतं, आणि तिन्ही जागी घट्ट बसतं. पण त्यातल्या एकाच जागी टोपणावरची रेघ खालच्या रेघेला मिळते. ती जागा टोपण फिरवण्याआधी डोळ्याला दिसत नाही. टोपणाच्या आतल्या कडेला त्याने खसखशीएवढा खड्डा ठेवला होता, तो अंगठ्याने चाचपायचा आणि रेघेसमोर आणून फिरवायचं.

"और दीदी, काले का ढक्कन गोरे पे लगाओ, गोरे का काले पे, तो भी लकीर मिलती है. इसी वास्ते तो सात महीने लगे. नी तो दो पेन अलग अलग कोई भी बना दे. जोडी तो वो, जो एक दूसरे का ढक्कन पहन ले."

"हे कुणाला सांगितलं होतंस?"

"किसी को नी. सोमवार को भिया को दिखाने वाला था." तो हसला, पण त्या हसण्यात काही नव्हतं. "शनिवार को तो मैं चोर हो गया."

"आज पाच वाजता घरी ये. हळदीकुंकू आहे."

"दीदी, उस दरवाजे पे मैं नी आऊंगा."

"मग मी तुला न्यायला परत येईन आणि या फाटकावर धरणं धरून बसेन. मला ओळखतोस ना?"

ओळखत होता. त्याने मान हलवली.

५

घरी पोचले तर मधुरिमा भोपळा चिरता चिरता फोन बघत होती. मला पाहून ओशाळली, मग आपणहूनच फोन पुढे केला. नवऱ्याचं कौतुक दाखवायला कुणाला आवडत नाही?

"बघा ना आत्या. आई म्हणाल्या नात्यात कुणाला दाखवू नको, नजर लागेल. पण तुम्ही तर घरच्या. ती जोडी चोरीला गेली ना, तर यांनी तीन महिने दोस्ताच्या वर्कशॉपमध्ये जाऊन तशीच परत बनवली. एकट्याने! मागच्या महिन्यात पोस्ट टाकली. उद्या प्रदर्शनाला पार्सल जातंय, यांच्या नावाने."

फोटोत दोन पेनं मखमलीवर निजवलेली होती. एक काळं, एक दुधी. खाली नचिकेतचं नाव, सोबत हात जोडल्याची खूण आणि 'सात महिन्यांची तपश्चर्या'. तीन महिन्यांत सात महिन्यांची तपश्चर्या, हा हिशोब त्यालाच माहीत.

मी चष्मा पुसला आणि फोटो मोठा केला. दोन्ही पेनांवर टोपणाची रेघ एकीकडे गेली होती आणि खालची दुसरीकडे. मध्ये तुटलेली. ज्याने ती रेघ कोरली तो असा फोटो मेला तरी काढणार नाही. ज्याला ती रेघ एक आहे हेच ठाऊक नाही, तोच काढेल.

"रघूने बघितला हा फोटो?"

"हो तर. बाबा खूप वेळ बघत बसले होते. काही बोलले नाहीत. भरून आलं असेल ना त्यांना."

भरून आलं असेल! मी स्वयंपाकघरात गेले, दोन भांडी उगाच आपटली आणि रमाला म्हणाले, "नचिकेतने एवढी नवीन जोडी केली, ती देवीपुढे न ठेवता पाठवणार का ग तुम्ही? नव्या वस्तूला हळदकुंकू नको?"

रमाला हे पटणार हे मला माहीत होतं. आईने पूजेच्या दिवशी मागितलेल्या वस्तूला नाही म्हणायची हिंमत नचिकेतमध्ये नव्हती. उद्या दुपारी पार्सल गेलं असतं की उदयसिंहचं नाव कायमचं मातीत. माझ्याकडे एक संध्याकाळ होती.

६

पाच वाजता गल्लीतल्या दहा-बाराजणी आल्या. आंबिलीचा आणि केवड्याचा वास घरभर होता. सगळ्या बसल्यावर मी पुढे झाले आणि ज्येष्ठेच्या तोंडावरचा पदर मागे सारला.

कुजबुज झाली. कुणीतरी "अगं बाई!" म्हणालं. रमाने तोंडाला पदर लावला. रघू खांबाला टेकून उभा होता. तो जागचा हलला नाही.

"ताई," तो हळूच म्हणाला, "लोक आहेत."

"लोक आहेत म्हणूनच," मी म्हटलं. "उदयसिंहला चोर ठरवलं तेव्हाही लोक होते."

देवीपुढे तबकात मखमली डबी होती. मी नचिकेतला म्हणाले, "जरा दाखव ना बाबा सगळ्यांना तुझी कला. जोडी आहे ना? मग यांची टोपणं अदलाबदल करून दाखव."

"त्यात काय आहे आत्या," तो रुबाबात पुढे आला. काळ्याचं टोपण पांढऱ्याला फिरवलं, पांढऱ्याचं काळ्याला. बसली. पण रेघा इकडच्या तिकडे.

"रेघ तुटली की रे."

"डिझाइनच आहे तसं. मॉडर्न."

"बरं. उदयसिंह, आत ये."

तो पडवीत उभा होता, घरचे कपडे घालून, हातात चांदीचं कडं. नचिकेतच्या चेहऱ्यावरचा रंग उतरला. उदयसिंह उंबऱ्यापाशी अडला. मी जाऊन त्याचा हात धरला आणि बावीस वर्षांत पहिल्यांदा त्याला त्या घराच्या आत आणलं. तांब्यातलं पाणी त्याच्या हातावर घातलं. त्याने हात पुसले, कडं काढून खिशात ठेवलं आणि पेनं उचलली.

तो पेनांकडे बघतही नव्हता. त्याची नजर ज्येष्ठेवर होती. अंगठा टोपणाच्या कडेवरून फिरला, थांबला, टोपण वळलं. काळ्या टोपणावरची रेघ पांढऱ्या अंगावर जशीच्या तशी उतरली. मग दुसरं. तीही मिळाली. हाताच्या कांकणाला आरसा कशाला?

"या पेनांचा बाप कोण ते दिसलं," मी म्हणाले. "आता चोर कोण ते ऐका. काळं पेन या मुखवट्यात तीन महिने होतं. आत त्याचा ठसा आहे. काळ्या मालाने चांदी जाते हे रघूला आणि उदयसिंहला पाठ आहे, ते तिथे ठेवणार नाहीत. मधुरिमाने हे मुखवटे कालपर्यंत पाहिले नव्हते. रमाने लपवलं असतं तर सगळ्यांसमोर डबा उघडून ती किंचाळली नसती, आधीच घासून ठेवलं असतं. आणि काल मुखवटा उलटा करून फक्त मी पाहिला. रमाने वरून पाहून फडकं टाकलं, मधुरिमा दारात होती. मी कुणाला सांगितलं नाही. संध्याकाळी नचिकेत आला तेव्हा ज्येष्ठा साडी नेसून उभी होती. तरी हा मला म्हणाला, आतून तर बिलकुल कोळसाच झालाय." मी त्याच्याकडे वळले. "तुला आतलं कसं रे दिसलं? पेन काढून नेताना ना? तेव्हा वाटलं असेल, पुराना माल आहे."

नचिकेतने आईकडे पाहिलं, बायकोकडे पाहिलं, आणि मग तोच चवताळला.

"हो, मी ठेवली! काय चुकीचं केलं? वर्कशॉप आमचं, नाव आमचं, आणि तिकडे नाव जाणार एका कारागिराचं? चाळीस हजार लोक मला फॉलो करतात. त्यांना काय सांगू, मी फक्त एप्रन घालतो?"

"हो," मी म्हणाले. "तेवढंच खरं आहे."

मधुरिमाने हातातलं तबक खाली ठेवलं आणि ती आत निघून गेली. त्याने हाक मारली, ती थांबली नाही.

"आणि तू, रघू. तू कधीपासून गप्प आहेस?"

आपलेच दात आणि आपलेच ओठ म्हणतात. त्या दिवशी मी दात फोडायला निघाले होते. रघू खांब सोडून पुढे आला.

"मेमध्ये नव्हतं माहीत, ताई. शपथ. फोटो बघितला तेव्हा ओळखलं. उदयचा हात मी ओळखणार नाही? पण मुलगा आहे ग. वाटलं, आज बोलू, उद्या बोलू. काल तू म्हणालीस ज्येष्ठा काळी पडली, तेव्हा कुठे लपवली होती तेही कळलं."

"मला सांगू नकोस. ज्याला सांगायचं त्याला सांग."

रघू उदयसिंहसमोर उभा राहिला. गल्ली ऐकत होती.

"उदय, तू चोरी केली नाहीस. माझ्या मुलाने केली. मला महिनाभर माहीत होतं आणि मी गप्प बसलो."

उदयसिंहने दोन्ही पेनं डबीत ठेवली, डबी बंद केली आणि आपल्या खिशात घातली. कुणी हरकत घेतली नाही.

"प्रदर्शन में म्हारे नाम से जाएगी?"

"तुझ्याच."

"चाबी?"

उदयसिंहकडून काढून घेतलेली कपाटाची चावी मे महिन्यापासून नचिकेतच्या किल्ल्यांच्या जुडग्यात होती. रघूने मुलापुढे हात पसरला. नचिकेतने ती काढायला बराच वेळ लावला. कडी घट्ट होती, आणि अशा कामाची त्याच्या बोटांना सवय नव्हती.

चावी घेऊन उदयसिंह माझ्याकडे वळला. "दीदी, अब माताजी का मुंह पोंछ दो. उनका क्या कसूर?"

"मी नाही पुसणार," मी म्हटलं. पावडरीचा डबा आणि फडकं रघूच्या हातात दिलं.

साठीचा माझा भाऊ पाटावर बसला. मुखवटा मांडीवर घेऊन, सगळ्यांसमोर, बोट बोट जागा घासू लागला. आधी कपाळ उजळलं, मग नाक, मग हनुवटी. अर्धा तास लागला. एकही बाई उठून गेली नाही. ज्येष्ठा कनिष्ठेसारखी झाली तेव्हा त्याने मुखवटा उलटा केला. आतल्या पट्ट्याकडे बघितलं आणि फडकं पुन्हा पावडरीत बुडवलं.

मी त्याचा हात धरला.

"तो राहू दे. दरवर्षी भाद्रपदात तूच डबा उघडायचास, आणि हा पट्टा बघूनच तिला उभी करायचीस."

मग मी उदयसिंहसाठी पान वाढायला गेले.